फहाहीलमध्ये, एक सेकंद

अ‍ॅसिटोन नको. काळा रंग सोलून काढतं,
रिंगवरचे आकडेसुद्धा.
स्पिरिटात पाणी असतं,
आज पांढुरका डाग, पुढल्या वर्षी गंज.
रॉकेल तर माझीच बोटं सोडत नाही.

परकार म्हणायचे,
शटरला तेल द्यायचं नसतं, बाबा,
काढायचं असतं.

मग लायटरचं पेट्रोल. बकाल्यातली पिवळी कुपी,
कापसाची काडी, खिडकी सताड उघडी.
बाहेर सत्तेचाळीस,
आणि रिफायनरीची ज्योत, भर दुपारी, फिकट.

पाच पाती एकमेकींना चिकटून बसलेली.
थेंब सोडला की तपकिरी ओघळ येतो:
कुणीतरी कधीतरी मायेनं घातलेलं
शिवणयंत्राचं तेल.

या गावात सगळे तेल काढायलाच आले.
मीही काढतो, काडीकाडीनं,
एका कॅमेऱ्याचे सात दिनार,
तेही मिशाल घासाघीस करून पाच देतो.

चौथ्या धुण्यानंतर कान लावला.
एकावर ठेवून दाबलं.
आतली चाकं कुरकुरली, चालली, चालली,
खट.

सव्वा सेकंद.

अजून एकदा धुवावं,
की उन्हाळा आहे म्हणून
चालवून घ्यावं?