दिन कितला तासना

मिलचा भोंगा होता तोवर
वेळ सांगावी लागली नाही कधी कुणाला.
तो वाजला की मी आत,
तो वाजला की मी बाहेर,
आणि सात तारखेला खिडकीतून एक हात येई
पाकीट घेऊन,
आकडा त्यावर आधीच लिहिलेला.

धरणगावच्या केसरीमल शेठचा निरोप आला :
बारा डबल रोलर, दिवाळीच्या आत चालू पाहिजेत.
माणूस सुटा हवा, हजेरीपटावरचा नको.
रोज काय तो समोर बसून ठरवू.

रात्री कोकिळा शेठ झाली.
खाटेवर मांडी घालून बसली,
पिठाचा हात पदराला पुसत म्हणाली,
"कितला रोज लेशात, मिस्तरी?"
"पंधराशे," मी म्हणालो,
आणि माझाच आवाज मला
शेजारून साखर मागायला आल्यासारखा वाटला.
"पंधराशे? येडा व्हयनात का!
इतलामा दोन मिस्तरी येतीन."
मी बाराशेवर आलो. ती सातशेवर बसून होती.
सांगितलं तिला, तीस वर्षं रोलर घासले,
सुरीची फट नखानं मोजतो,
माझ्या हाताखाली सरकी फुटत नाही.
तिनं जांभई दिली. अगदी शेठसारखी.
साडेआठशेला मी मान डोलावली
तेव्हा ती खाटेवरून उतरली, कोकिळा झाली
आणि रागावली :
"इतलामाच मानी गयात?"
पुन्हा बसली.
तिसऱ्या खेपेला मी बाराशेच्या खाली आलो नाही.
तवा तोवर धूर सोडायला लागला होता.

सकाळी पॅसेंजरच्या दारात उभा राहून
बाराशे, बाराशे.
टाकरखेड्याला गाडी थांबली तेव्हा
तेराशेसुद्धा म्हणून पाहिलं.
जिभेवर बसलं नाही.

"बाराशे," मी शेठला म्हणालो.
"ठीक," शेठ म्हणाले, आणि फोन उचलला.

एवढंच.
धार लावून आणलेली सगळी वाक्यं
खिशात तशीच,
एकाही वाक्याला कापूस लागला नाही.
दिवसभर रोलरला खाचा पाडत होतो
आणि प्रत्येक खाचेत
न मागितलेले तीनशे दिसत होते.

ऊन उतरलं. दिवे लागले.
शेठनं चहा पाठवला, चहासोबत निरोप :
एवढा एक रोलर, मिस्तरी, मग दिवस संपला.
तो संपला तेव्हा साडेआठ झाले होते
आणि गाडी गेली होती.
ट्रकवाल्याच्या मेहेरबानीनं अकराला घरी.
कोकिळानं ताट वाढलं, रोज किती ठरला ते ऐकलं,
घड्याळाकडे बघितलं.
"मंग दिन कितला तासना, ते बोलनात का?"

घास हातात तसाच.

दुसऱ्या दिवशी पेटी न उघडता उभा राहिलो.
शेठ, बाराशेचा दिवस नऊ ते साडेपाच.
मधला अर्धा तास भाकरीचा.
वरच्या तासाला दोनशे.
आणि बेअरिंग यायची वाट बघत बसवलंत
तर ती वाटही माझ्या दिवसातलीच.

आता शेठनं फोन खाली ठेवला.
तक्क्या पाठीमागून काढून मांडीवर घेतला,
म्हणाले, नऊ ते सात.
आणि मला एकदम हलकं वाटलं.
हा माणूस मला ठाऊक होता,
याच्याशी मी परवा तीनदा भांडलो होतो,
पुढचं वाक्य पाठ होतं.
ते जांभई देतील म्हणून वाट पाहिली.
त्यांनी दिली.

नऊ ते सहा ठरलं. वरचा तास पावणेदोनशे.
वाट बघण्याचे निम्मे;
यावर मी हरलो, लिहून ठेवतो.
वजनकाट्याच्या पावतीमागे दोघांच्या सह्या,
पुढच्या बाजूला कुणाच्या तरी कपाशीचे
अठरा क्विंटल चाळीस किलो.

सहा वाजले. काहीच वाजलं नाही.
पान्हा हातात घेऊन
दोन मिनिटं मी उगाच ऐकत राहिलो.
मग पेटीचं झाकण पाडलं,
जरा जोरात.
काट्यावरच्या पोरानं
मान वर करून घड्याळ बघितलं.