सध्याची पातळी

आराखड्याचा पहिला रकाना:
विद्यार्थ्याची सध्याची पातळी.
मी लिहिलं होतं, दहापर्यंत अंक मोजत नाही,
रंग ओळखत नाही,
एका जागी बसत नाही.
खाली माझी सही, मुख्याध्यापकांचा शिक्का
आणि पालकांसाठी ठिपक्यांची रेघ.

वेंगुर्ल्याच्या बंदराला शाळा इतकी लागून
की लिलाव सुरू झाला की वर्गातले पाढे बुडतात.
दर्शना गिरप टोपली पायरीवर ठेवून आत आली,
हात पदराला पुसून कागद उचलला.
सातवी शिकलेली. ओळीखाली बोट धरून वाचत गेली.
दुसऱ्या पानावर बोट थांबलं.
"बाई, ह्यो सर्वेश कोण?
माज्या झिलाचां नाव यतीन."

पंखा तेवढा बोलत राहिला.

सर्वेश आरोंद्याचा.
अकरा शाळा, तेवीस मुलं, मार्च संपत आलेला,
एस.टी.त मांडीवर लॅपटॉप,
आणि मी एका पोराचं वर्ष काढून
दुसऱ्याच्या अंगात घातलं,
बाह्या कुठवर येतात तेही न बघता.
उद्दिष्ट एक: भाजीवाल्याला सुटे पैसे देणे.
उद्दिष्ट दोन: तेच, मदतीशिवाय.

प्रशिक्षणांत मीच सांगत फिरते:
किती, कधीपर्यंत, कोणाच्या आधारानं,
हे लिहिलं नाही तर ते उद्दिष्टच नव्हे.
पालकाला आधी विचारा, मग लिहा.
कायद्यात शब्द आहे हक्क.
आमच्या फाइलीत येईस्तोवर त्याचा लाभार्थी होतो.

दर्शना भांडली नाही.
"यतीन, हय ये," म्हणाली,
आणि पायरीवर गोणपाट पसरून टोपली उपडी केली.

तो बसला.
एकेक बांगडा हातात घेऊन
गालफड बोटानं उचकून बघायचा,
मग ठेवायचा. शेपट्या सगळ्या समुद्राकडे.
पाचाचा वाटा झाला की पुढचा.
एक फिकट निघाला, तो लांब सरकवला.
मी मनात मोजत होते आणि एकदा चुकले,
तो चुकला नाही.
सहा वाटे. वर एक उरला,
तो त्यानं माझ्या चपलेशेजारी ठेवला.

किती वेळ बसला? शिपायानं घड्याळ बघितलं:
बावीस मिनिटं.

मी पहिला रकाना खोडला.
छापील फॉर्मवर खाडाखोड चालत नाही, मुख्याध्यापक म्हणाले.
मग पाठकोरा कागद घेतला, पायरीवरच बसले,
आणि पहिल्यांदा विचारलं,
"घरी आणखी काय करतो?"
दर्शना सांगत गेली. पान पुरेना.
ताज्या गालफडाचा रंग ओळखतो, हे मी लिहिलं,
त्या रंगाला लाल म्हणतात हे त्याला
जूनपर्यंत कोण सांगणार, तेही लिहिलं. माझंच नाव.

सही मात्र तिनं केली नाही.
"फाल्या करतलंय. आधी घराक नेऊन वाचतंय."
कागदाची घडी घालून ब्लाउजात ठेवली.

कार्यालयातून फोन येईल, रेघ रिकामी का.
सांगेन, पालक वाचतायत.