दोरीच्या लांबीएवढं

ग्रासकटरवाल्यानं यंदा भाव वाढवला,
आणि त्याच्या पात्यानं उडवलेला खडा
खिडकीच्या काचेतून आत येऊन
शालनच्या शिलाई मशीनपाशी थांबला.
ती म्हणाली, पुरे.
तणात घोणस बसो नाहीतर मामलेदार,
हे यंत्र पुन्हा फाटकाच्या आत नको.

म्हणून धाकू झोऱ्याकडून दोन शेळ्या आणल्या.
पालयेच्या चढावर, टेम्पोत,
एकीनं माझ्या पेन्शनच्या कागदाचा कोपरा चाखला.
"शेळी म्हणजे मशीन न्हय," धाकू म्हणाला,
"तिला रुचेल तें ती खाईल.
उरलेलं तुझं."
मी हसलो. तो हसला नाही.

तीस वर्षं फेरीबोटीवर काढलेल्या माणसाला
नावं शोधायला लांब जावं लागत नाही.
काळी ती केरी.
पांढऱ्या कानांची, तेरेखोल.
एक फणसाखाली असली की दुसरी हटकून
गडग्याच्या टोकाला,
आणि मधल्या उतारावर मी,
निवृत्त होऊनही
ह्या काठावरून त्या काठावर.

माझी गाठ भरतीच्या ओढीतही कधी सुटली नव्हती.
केरीनं पहिल्या आठवड्यात तीनदा सोडली.
कशी, ते बघायला मी एक दुपार
माडाआड लपून बसलो.
ती माझ्याकडे बघत बसली.

गवत खाल्लं, हे कबूल.
टाकळा, कुसळं, विहिरीवर चढलेला वेल,
लाजाळू तर मिटायच्या आत.
घाणेरी हुंगून सोडली.
मग अबोली खाल्ली, मुळापर्यंत.
शालन दोन दिवस माझ्याशी बोलली नाही,
शेळ्यांशी बोलत होती.
विजेचं बिल खाल्लं.
इनासबायच्या क्रोटनचे शेंडे खाल्ले,
तिनं नाताळपर्यंत मुदत दिली आहे,
मला की त्यांना, ते सांगितलं नाही.

रानमोडीला मात्र तोंड लावलं नाही.

दोरीच्या लांबीएवढं गोल रिंगण,
कर्कटकानं आखल्यासारखं, चिऱ्याच्या लाल मातीपर्यंत साफ,
आणि त्यात रानमोडीची झुडपं तेवढी उभी,
शेवटची फेरी सुटून गेल्यावर
धक्क्यावर राहिलेल्या माणसांसारखी.

उरलेलं माझं.
सकाळी दव असेपर्यंत मुळं सैल येतात,
मग ऊन चढतं, कंबर अडते.
तिसऱ्या दिवशी झुडूप निघालं आणि मी मागे आपटलो,
गडग्याच्या चिऱ्यानं तळहात उघडला.
शालन आली. इकडे तिकडे बघितलंही नाही.
माझ्याच ढिगातली चार पानं उचलली,
चुरगळली, हिरवा रस जखमेवर दाबला.
जळजळलं. थांबलं.
"एक ठेव," ती म्हणाली, "विहिरीकडे."

एक ठेवलं आहे.
आम्ही तिघंही त्याला वळसा घालून जातो.

पण बी उडणार ते आमच्या झुडपाचं नाही.
पलीकडचा प्लॉट दिल्लीच्या कुणा गृहस्थाचा,
तार, पाटी, गंजलेलं कुलूप,
आत रानमोडी पुरुषभर उंच
आणि तिच्या पायाशी गवत, कोवळं, लांबसडक,
ज्याला कुणी विचारत नाही.
आज संध्याकाळी केरी आणि तेरेखोल
पहिल्यांदाच एका बाजूला उभ्या आहेत,
तारेतून मान घालून.

दोरी चार वाव.
खुंटीपासून कुंपण तीन.

आमच्या फेरीवर पायी माणसाला तिकीट नव्हतं,
चारचाकीला होतं.
चार पायांचं काय, ते नियमात कुठे होतं
आता मला आठवत नाही.
मी नदीच्या दिशेला बघत
विडी शोधतो.