चूक क्रमांक दोन

स्वान्सीच्या रक्तपेढीतून पहाटे तीन दहाला फोन.
ग्लेनिस प्रॉसर, रात्रपाळी. आवाज अगदी हळू,
जणू शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय.
"तुमची स्क्रिप्ट म्हणते, अवैध वापर.
मी काही मोडलं का?"

नाही हो. तारीख द्यायची राहिली, एवढंच.
"मग तसं म्हणायचं ना तिनं."

पुढं झोप कसली.
टाउनहिलच्या उतारावर दिवे, खाली काळं पाणी,
ओट्यावर लॅपटॉप, आणि नऊ वर्षांपूर्वीची मी
चाळिसाव्या ओळीत दार लावून बसलेली:
अवैध वापर.
कचेरीतल्या खिडकीसारखी, 'उद्या या'सुद्धा न म्हणता
फळी पाडणारी.
तेव्हा वाटे, कमी शब्द म्हणजे हुशारी,
ज्याला कळत नाही त्यानं कोड वाचावा.
ग्लेनिस कोड वाचत नाही. ती पिशव्या वाचते,
ओ निगेटिव्ह किती उरल्या ते तोंडपाठ सांगते.

पुसली ती ओळ. लिहिलं: तारीख दिलेली नाही.
आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये आडव्या रेघा.
खाली एक नमुना, तसाच उचलून चालवता येईल असा.
त्यात कुठली तारीख घालावी यात दहा मिनिटं गेली;
शेवटी आईच्या वाढदिवसाची घातली, कुणाला कळणार आहे.
'कृपया' लिहिलं, काढलं.
यंत्राचं कृपया म्हणजे पंगतीतला तो आग्रह,
जिलबी ताटात आणि नजर पुढच्या पानावर.

मदत मागणाऱ्याला सगळं पान, आणि शेवटी शून्य.
शून्य म्हणजे ठीक, हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.
चुकणाऱ्याला दोन, आणि एकच ओळ:
घाबरलेलं माणूस पानभर वाचत नाही.

साडेपाचला चहा ठेवला.
उकळी यायच्या आत आठवलं,
तिनं विचारलं होतं ते तारखेचं नव्हतंच.

परत बसले. सगळ्यात वर, तारखेच्याही आधी, लिहिलं:
काहीही पुसलेलं नाही.

लिहिलं खरं, मग म्हटलं बघावं.
तेविसाव्या ओळीवर, तारीख तपासायच्या कितीतरी आधी,
कालचं फोल्डर रिकामं होत होतं.
नऊ वर्षं. न विचारता.

ती ओळ उचलून खाली नेली.
आता वाक्य खरं झालं.
पण आज पहाटे तीन दहाला ते खरं नव्हतं,
आणि मी 'नाही हो' म्हणून बसले होते.

चहा उतू गेला. गॅस बंद केला.
ग्लेनिसची पाळी सातला संपते.
फोन लावला.