वजन जास्त झालं

सहा महिन्यांसाठी फिनलंडहून आमच्या कॉलेजात आलेली आइनो
शनिवारी पहाटेच पाठीला पिशवी लावायची
आणि आमचं घर दात घासत असताना
नळदुर्गच्या एसटीत खिडकी धरून बसायची.
"जानेवारीत काय बघणार? धबधबा वाळलाय," मी म्हटलं.
ती वाळलेलाच बघून आली.
वर कंडक्टरनं दिलेला अर्धा पेरू.

पुढच्या शनिवारी मंगळवेढा.
हुरड्यानं जीभ भाजली,
उरलेली शेंगाचटणीनं.
रात्री नाक पुसत वहीत लिहीत होती,
मला एक अक्षर कळेना,
मधेच देवनागरीत एकच शब्द: आगटी.
बावीस वर्षं मी सोलापुरात,
आणि आगटी म्हणजे काय, हे मला तिनं सांगितलं.

घरात आम्ही तेलुगू, दारात मराठी,
भाजीवालीशी कन्नड.
तिला वाटलं, आम्हीपण कुठूनतरी शिकायला आलोय.
नाना मागावरून उठत म्हणाले,
"आलोयच की. चार पिढ्या झाल्या,
परतीचं तिकीट काढायचं राहिलं."

अम्मानं डबा उघडला तेव्हा
तिनं कडक भाकरी उचलली, टिचकी मारली,
कानाशी धरली.
म्हणाली, आमच्याकडं अशीच असते, राईची,
मधे भोक. काठीत ओवून छताला टांगतात.
अम्मा म्हणाली, "उंदरांच्या भ्यानं?"

मार्चात गेली.
बॅगेत दोन चादरी, सतरा भाकऱ्या.
वजन जास्त झालं,
चादरी काढून ठेवल्या.

त्यातली एक मी पांघरते.
परवा शनिवारी स्टँडपर्यंत जाऊन आले.
पेरू घेतला,
अर्धाच खाल्ला.