बिस्किटांचा डबा

सुपीरियर सरोवर आधी कडेनं गोठतं,
मग रात्रभर कुरकुरतं,
सांध्यातून सुटलेल्या पलंगासारखं.
पाइन हार्बरमध्ये तो आवाज ऐकत
आमची इमारत जागी असते.
बेचाळीस घरं, तळघरात एक बॉयलर,
आणि उष्णतेचं बिल घराघराला, चौरस फुटांवर.
रेडिएटर गार पडला तरी तेवढंच.

होदान वारसमे दारं वाजवत फिरली.
रात्रपाळीहून आलेली, बुटांत बर्फ,
हातात मुलाची गणिताची वही.
"तुमचं किती आलं?" एवढंच विचारायची.
कुणी फटीपुरतं दार उघडलं. कुणी चहा दिला.
तिसऱ्या मजल्यावरच्या वांग कुटुंबानं
उघड्या ओव्हनसमोर निजवलेलं बाळ दाखवलं,
बोलले काहीच नाहीत.
बत्तीस नंबरवाला म्हणाला, "मालकाला कळलं तर?"
ती म्हणाली, "कळावं म्हणूनच तर फिरतेय."

माझ्या दाराशी ती जरा घुटमळली.
मी एकोणतीस वर्षं गॅस कंपनीचा मीटरवाला.
या गल्लीतले किती व्हॉल्व्ह
या हातांनी बंद केले, ते मोजलं नव्हतं.
तिनं मोजायला सांगितलं नाही.
म्हणाली, "काटा वाचायला शिकवा."

तर मग तळघरात, रविवारी, टॉर्चच्या उजेडात:
काटा दोन आकड्यांच्या मध्ये असला
की नेहमी मागचा आकडा धरा.
वांगांची थोरली पोर सगळ्यांत आधी शिकली,
आणि तिनंच विचारलं,
"हा चौथा पाइप कुठे जातो?"
आम्ही पाइपामागे चालत गेलो.
पाइप मालकाच्या गॅरेजमध्ये गेला.
तिथे दोन मोटारी
आमच्या पैशांनी उबेत झोपल्या होत्या.

नगर परिषदेच्या सभागृहात इतकं ऊन होतं
की सगळ्यांनी कोट काढून मांडीवर घेतले.
माणशी दोन मिनिटं.
हिरवा दिवा, पिवळा, मग लाल.
इर्या कांगास, वय एक्याऐंशी,
बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन उठली.
भाषण नाहीच. झाकण काढलं, वाचू लागली:
जानेवारी, एकशे बारा डॉलर.
फेब्रुवारी, एकशे चाळीस.
मार्च…
लाल दिवा लागला. अध्यक्ष म्हणाले, "धन्यवाद."
इर्यानं कागद होदानच्या हातात दिला,
होदाननं मार्चपासून पुढे सुरू केलं.
मग बत्तीस नंबरवाला, हात थरथरत.
मग वांगांची पोर, खुर्चीवर उभी राहून.
दोन-दोन मिनिटांची ती लांबलचक बाई
एकाच आवाजात बोलत राहिली.

डबा माझ्यापर्यंत आला तेव्हा तळाशी पोचला होता.
एक लाल कार्ड निघालं.
ऑक्टोबर, एक्याण्णव. थकबाकी एकोणीस डॉलर.
पुरवठा खंडित.
खाली सही माझी.

हिरवा दिवा होता.
मला तिचं ते स्वयंपाकघर आठवलं नाही,
हेच खरं तर सांगायला हवं होतं.
आठवत होता फक्त पाना,
थंडीत हाताला चिकटणारा.

मागून इर्या म्हणाली, "वाच ना.
अक्षर अजून तितकंच वाईट आहे का बघू."

मी वाचलं.
तारीख, रक्कम, नाव. माझं नाव मोठ्यानं.
दिवा पिवळा झाला, लाल झाला,
मी उभाच राहिलो, आणि या वेळी
अध्यक्षांनी धन्यवाद म्हटलं नाही.

निर्णय मार्चपर्यंत पुढे ढकलला.
मार्च म्हणजे इथे अजून दहा आठवडे हिवाळा.

परतताना रस्त्यावर मीठ पसरलेलं,
बुटांखाली करकरत होतं.
इर्या माझा दंड धरून चालत होती,
प्रेमानं नव्हे, बर्फ होता म्हणून.
दाराशी आल्यावर तिनं डबा पुढे केला:
"तुझ्याकडे ठेव. डिसेंबरचं बिल उद्या येईल,
त्यात घाल."
एवढं बोलून ती जिना चढली,
हळूहळू, प्रत्येक मजल्यावर थांबत.
आणि मी खाली तळघरात गेलो,
काटा बघायला.
सात आणि आठच्या मध्ये होता.
सात लिहिले.