मूळ फाइल

रविवार कारंजावर, सोनाराच्या दुकानावर,
अरुंद जिना चढलात की आमचा स्टुडिओ.
स्थळासाठी फोटो, अर्ध्या तासात.
मी तिथं नाकं सरळ करते.

ज्या गावाचं नावच म्हणे
एका बाईच्या कापल्या नाकावरून पडलं,
तिथं हा धंदा बरा चालतो.
कॉलेज रोडच्या होर्डिंगवर तर
डॉक्टरच हसतोय. हप्त्यांची सोय आहे.

खैरनारांची रेवती आली आईबरोबर.
नाक बापाचं, रुंद, भरदार.
बापाला ते शोभतं.
'जरा चिमटीत धरल्यासारखं कर,' आई म्हणाली,
'आणि रंग दोन घरं वर.'
हनुवटीवरचा व्रण मी न सांगताच पुसला.
गंगेवर सायकल शिकताना पडली होती, सातवीत,
एवढंच बोलली रेवती,
मग चष्मा पुसत बसली.

काल एकटीच आली.
नाशिकरोडचं स्थळ. फोटो पसंत.
तो टेबलावर उताणा ठेवून म्हणाली,
'ताई, रविवारी हिला बघायला येतायत.
मी कुठं बसू?'

मी मूळ फाइल शोधत राहिले,
माहीत असून
की आम्ही त्या ठेवत नाही.
जागा अडते.